दत्तकाची एनओसी आली, ऑर्डर अडकली. ऑर्डरची वाट न बघता मी आत्ताच जाऊन लेकीजवळ राहू का?

रानजाई | १४ जानेवारी २०२३

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती नाहीतर गप्पांच्या धाग्यांवर असते, आज अगदी घरचा प्रश्न घेऊन आलेय. लिहिणं मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. मी अमेरिकन नागरिक, नवरा ग्रीन कार्डवर पण पासपोर्ट अजून भारतीयच. मुलगा आठ वर्षांचा. दुसरं मूल दत्तक घ्यायचं हे आमचं लग्नाआधीच ठरलेलं. जून २०१९ ला नोंदणी केली, होमस्टडी (घरची तपासणी) झाला, मग कोविड आला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. मार्च २०२२ मध्ये एका रात्री दीड वाजता मेल आला, केअरिंग्जवर (सरकारी दत्तक पोर्टलवर) रेफरल, म्हणजे एका मुलीची माहिती. रिझर्व करायला ९६ तास असतात. मेडिकल रिपोर्ट मुलाच्या डॉक्टरांना दाखवला, सातव्या महिन्यात जन्मलेली, वजन कमी, बाकी ठीक. फोटोत ती लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती आणि एका पायात मोजा नव्हता. तो मोजा कुठे पडला असेल आणि कुणी परत घातला असेल का, हेच डोक्यात घेऊन मी सकाळपर्यंत जागी होते.

तेव्हा ती दीड वर्षाची. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी संस्थेत आहे. (नाव, गाव, फोटो काहीच टाकणार नाही, कायद्याने मनाई आहे आणि असायलाच हवी. इथे तिला आपण चिऊ म्हणू.) इकडची आय-८००ची (मूल अमेरिकेत आणायच्या अर्जाची) तात्पुरती मंजुरी झाली, जुलैत काराची (भारत सरकारच्या दत्तक प्राधिकरणाची) एनओसी, म्हणजे ना-हरकत, आली, ऑगस्टमध्ये संस्थेच्या वकिलांनी जिल्हा कोर्टात अर्ज टाकला. दिवाळीला घरी येईल असं धरून मी तिची खोलीही लावून टाकली. आणि १ सप्टेंबरपासून नवीन कायदा लागू झाला, दत्तकाची ऑर्डर आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देणार, आणि जे अर्ज कोर्टात आधीच होते तेही तिकडे पाठवायचे. आमची फाइल कोर्टातून निघाली. तिकडे पोचली का, टेबलावर कुणाच्या आहे, याची उत्तरं तीन महिने मिळाली नाहीत. आता याच आठवड्यात ऐकलं की मुंबई हायकोर्टाने अंतरिम आदेश दिलाय, जुन्या केसेस कोर्टांनीच चालवायच्या. म्हणजे फाइल परत फिरणार.

चिऊ आता दोन वर्षं चार महिन्यांची. दर दुसऱ्या शनिवारी संस्था व्हॉट्सॅपवर व्हिडिओ कॉल करून देते, तिकडे सकाळचे दहा म्हणजे इकडे शुक्रवारी रात्रीचे साडेअकरा. ती स्क्रीनला बोट लावते आणि "फोनमदली आई" म्हणते. मावश्यांनी शिकवलंय. त्यांचं चूक नाही, पण त्या रात्री मला झोप येत नाही.

उद्या संक्रांत. आईने साताऱ्याहून बोरन्हाणासाठी काळं झबलं आणि हलव्याचे दागिने पाठवलेत, दीड वर्षाच्या मापाचे, कारण आमच्याकडे तिचं तेवढंच माप होतं.

तर प्रश्न. एनओसी झाल्यावर ऑर्डरची वाट बघत असताना मूल भारतातल्या भारतात सांभाळायला मिळतं, प्री-अडॉप्शन फॉस्टर केअर म्हणतात. मी जाऊन तिला घेऊन साताऱ्यात आईकडे राहू शकते. पण मला नोकरीवर फॅमिली लीव्ह १२ आठवडे, तीही बिनपगारी. ती तिकडे संपली तर चिऊ इथे आल्यावर, जेव्हा तिला मी सगळ्यात जास्त लागेन, तेव्हा मी कामावर. आणि धाकटीसारखाच थोरलाही लहानच आहे. नवरा म्हणतो तू ठरव, मी इकडचं बघतो. कुणी हे केलंय का?

---

मेघमल्हार | १४ जानेवारी

वाचून कसंतरी झालं गं. अनुभव नाही त्यामुळे सल्ला नाही, फक्त धाग्यावर आहे एवढं सांगते. चिऊला खूप खूप आशीर्वाद.

---

सह्याद्रीचा_वारा | १४ जानेवारी

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. मुलीला आत्ता संस्थेची सवय. तुम्ही तिला साताऱ्याला नेणार, तिथे आजीची सवय लागणार, मग तीन-चार महिन्यांनी आजी सुटणार आणि परक्या देशात तिसरं घर. एवढ्याशा जिवाला किती वेळा उपटून लावायचं? त्यापेक्षा सगळे कागद हातात घेऊन एकदाच जा आणि थेट घरी न्या. सुट्टीही वाचेल. माझ्या बहिणीने (बेंगळुरूत असते, परदेशाचा प्रश्न नव्हता) असंच केलं आणि पोरगं दोन महिन्यांत रुळलं.

---

वकिलीण_बाई | १५ जानेवारी

मी औरंगाबाद भागात प्रॅक्टिस करते, दत्तकाच्या थोड्या केसेस केल्यात. तुमचे वकील सांगतीलच, पण धाग्यावर नीट लिहिलेलं असावं म्हणून लिहिते.

बालन्याय कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली. उद्देश कोर्टातला उशीर टाळायचा होता. पण चालू केसेससुद्धा हलवायच्या ठरल्यामुळे ज्यांची तारीख तोंडावर होती तेही लटकले. म्हणूनच मंडळी हायकोर्टात गेली. अंतरिम आदेशाप्रमाणे तुमचा अर्ज ज्या कोर्टात होता तिथेच चालायला हवा, मात्र फाइल फिजिकली परत आली का हे बघायला माणूस पाठवा. नुसता मेल करून होत नाही. संस्थेच्या वकिलांना सांगा की अर्ज बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) घ्यावा म्हणून छोटी प्रेसिपी, म्हणजे कोर्टाला लेखी विनंती, द्या. कलम ६१ मध्ये दोन महिन्यांत निकाल द्यायचा असं लिहिलेलं आहे, ते प्रेसिपीत घाला. सुनावणी बंद खोलीत होते, घाबरण्यासारखं काही नाही.

फॉस्टर केअरबद्दल तुमची माहिती बरोबर आहे. संस्थेला हमीपत्र लिहून द्यावं लागतं. मूल देशाबाहेर नेता येत नाही, आणि पासपोर्ट-व्हिसा होईपर्यंत कायमचा ताबा म्हणता येत नाही.

तुम्ही इथे असलात म्हणून कोर्ट घाई करेल असं समजू नका. पण एखादी सही राहिली म्हणून तारीख जाणार असेल तर ती तरी वाचते. परदेशातून नोटरी आणि अपोस्टिल (तिकडच्या सरकारचा शिक्का) करून कागद यायला तीन आठवडे जातात, तुम्ही साताऱ्यात असाल तर उद्या येऊन सही करून जाल.

---

शेवंताताई | १५ जानेवारी

मुली, मी बावीस वर्षं संस्थेत समाजसेविका होते, आता निवृत्त. तू जा.

वाऱ्यासाहेबांचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही, पण त्यात एक गोष्ट राहते. संस्थेतल्या मुलाला "माझं माणूस" ही सवयच नसते. पाळीप्रमाणे मावश्या बदलतात. जीव लावतात हो, खूप लावतात, पण सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी. मुलाने एकदा तुला धरलं की पुढे घर बदललं, देश बदलला तरी चालतं, कारण त्याचं माणूस सोबत येतं. अठ्ठावीस महिन्यांची आहे ती. एकेक महिना मोलाचा आहे.

फक्त पहिल्या दिवशी उचलून गाडीत घालू नकोस. चार दिवस तरी संस्थेच्या गावात लॉजवर राहा, रोज जा. पहिल्या दिवशी नुसती बस. दुसऱ्या दिवशी भरवायला माग. तिची जी लाडकी मावशी असेल तिच्याच हातून तिला घे, मावशी रडली तर रडू दे, पोरीला कळू दे की आपल्याला सोडताना कुणाला तरी दुखलं. जाताना विचारून घे: कोणतं तेल लावतात, कोणता साबण, भात किती मऊ, झोपताना थोपटतात की पाळणा हलवतात. निदान महिनाभर तसंच ठेव. चादर माग तिची. आणि धुऊ नको ती.

आत्ताच तुझी एक ओढणी, वापरलेली, न धुतलेली, कुरिअर कर. फोनमधल्या आईला वास नसतो ना.

---

रानजाई | १५ जानेवारी

ताई 🙏 ओढणी आजच टाकते. ऑफिसात रडले तुमची पोस्ट वाचून.

---

जुना_पुणेकर | १६ जानेवारी

आमची मुलगी आम्ही १९९६ साली पुण्यातून आणली, आता ती स्वतः आई आहे. तेव्हाची पद्धत तरुणांना माहीत नसेल म्हणून लिहितो. १९८४ साली सुप्रीम कोर्टाने लक्ष्मीकांत पांडे यांच्या प्रकरणात परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी नियम घालून दिले, एका वकिलाच्या पत्रावरून ती केस उभी राहिली. त्याआधी फार अंधाधुंदी होती. पुढे कारा आली. आमच्या वेळी आम्हाला इथे दत्तक मिळालंच नाही, १८९० च्या कायद्याखाली कोर्टाने फक्त पालकत्व दिलं, आणि दत्तकविधान आम्ही शिकागोजवळ आमच्या कौंटी कोर्टात केलं. त्या मधल्या काळात ती कायद्याने धड कुणाचीच नव्हती. विमानात तिला मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मनात एकच, आता कुणी अडवलं तर मी हिचा कोण म्हणून सांगू?

तेव्हा नागरिकत्वासाठीही वेगळा अर्ज करावा लागे. २७ फेब्रुवारी २००१ पासून तिकडचा कायदा बदलला, आता ऑर्डर इकडे पुरी करून दत्तकाच्या व्हिसावर मूल तिकडे उतरलं की नागरिक होतं. पण सर्टिफिकेट हातात येईपर्यंत पाठ सोडू नका. जुन्या काळी लहानपणी दत्तक गेलेली माणसं कुणी अर्ज न केल्याने मोठेपणी कागदाविना राहिली, काहींना तर परत पाठवलं गेलं. इतकी मोठी चूक इतक्या छोट्या कागदाची.

आणि हो, जा. माझी बायको तेव्हा पाच महिने पुण्यात राहिली होती. मी राहिलो नाही, नोकरीचं कारण होतं. मुलगी चार वर्षांची होईपर्यंत रात्री दचकून उठली की माझ्याकडे येत नसे, मला ओलांडून हिच्याकडे जाई. आज सगळं छान आहे, पण ते पाच महिने मला आजही हवे आहेत.

---

ढगाआड | १६ जानेवारी

मी सध्या तेच करतेय, थोड्या वेगळ्या कारणाने. आम्ही दोघं भारतीय नागरिक, नवरा टेक्सासला एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर). आमची ऑर्डर झालीय, लेक कायद्याने आमची आहे, पासपोर्टही आहे, पण दोघांतलं एकही अमेरिकन नागरिक नसल्यामुळे तो दत्तकाचा व्हिसा आम्हाला लागू नाही. डिपेंडंट व्हिसासाठी मूल दोन वर्षं आपल्या ताब्यात आणि आपल्यासोबत राहिलेलं असावं लागतं. म्हणजे कुणीतरी इथे राहायचंच. मी नोकरी सोडली, नागपुरात सासरी राहते, चौदा महिने झाले. नवरा वर्षातून दोनदा येतो. लेक त्याला पहिले दोन दिवस "काका" म्हणते आणि तिसऱ्या दिवशी बाबा.

हे इथे मुद्दाम लिहितेय कारण नोंदणी करताना आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. एच-वनवरच्या कुणी हा धागा वाचत असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, मग फॉर्म भरा.

रानजाई, तुमची चार महिन्यांची वाट असेल तर जा. मला तर या चौदा महिन्यांचा त्रास होतो पण पश्चात्ताप नाही.

---

निळावंती | १७ जानेवारी

मी वाचत होते, लिहू की नको करत होते. मी स्वतः दत्तक आहे. नाशिकला वाढले, आता एकतीस वर्षांची. आई-बाबांनी मला पहिल्यापासून सांगितलेलं, त्यामुळे "कळलं" असा काही प्रसंग माझ्या आयुष्यात नाही.

तुम्ही जावं की नाही ते मला नाही सांगता येणार. एवढंच सांगते की जे काही घडतंय ते लिहून ठेवा. तारखा, फाइल कुठून कुठे गेली, तुम्ही कोणत्या रात्री जाग्या होतात, तो मोजा. माझ्या आईने एक वही ठेवली होती. मी चौदा वर्षांची असताना आमचं जोरात भांडण झालं, मी नको ते बोलले, तिने काही न बोलता वही आणून दिली. त्यात एका पानावर नुसतं लिहिलं होतं, "आज पण फोन नाही. दूध नासलं." मी ते पान अजून वाचते.

आणि संस्थेतले कपडे, खेळणं, जे देतील ते टाकू नका, कितीही जुनं असो. अठरा वर्षांनंतर तिला स्वतःला मूळ शोधायचा अर्ज करता येतो, करेल किंवा नाही करणार, पण हातात धरायला काहीतरी असावं.

---

सह्याद्रीचा_वारा | १७ जानेवारी

शेवंताताई, निळावंती, तुमच्या पोस्ट दोनदा वाचल्या. माझं मत मागे घेतो. रानजाई, सुट्टीचं एक सुचवतो, तुमच्या नवऱ्याची कंपनी वेगळी असेल तर त्याचे १२ आठवडे वेगळे. तुमचे इकडे वापरा, त्याचे ती तिकडे पोचल्यावर वापरा.

---

रानजाई | १७ जानेवारी

ठरलं. २५ चं विमान. नवऱ्याची लीव्ह मेपासून राखून ठेवायची. थोरल्याला सांगितलं तर तो म्हणाला मग मला पण व्हिडिओ कॉलवर फोनमधली आई मिळणार. सगळ्यांचे मनापासून आभार. वकिलीण बाई, प्रेसिपीचं काल रात्रीच कळवलं, फाइल अजून कोर्टात आलेली नाही, माणूस सोमवारी जातोय.

---

रानजाई | ६ फेब्रुवारी २०२३

साताऱ्याहून. चिऊ शेजारी झोपलीय.

शेवंताताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं, पाच दिवस लॉजवर राहिले. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलंच नाही, सुमनमावशीच्या (नाव बदललंय) पदराआडून फक्त एक डोळा. फोनमधली आई इतकी मोठी कशी हे बहुतेक तिला पटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझ्या हातून वरणभात खाल्ला, चार घास. चौथ्या दिवशी भरवताना तिने एक घास माझ्या तोंडाशी धरला, मग मागे घेतला आणि स्वतः खाल्ला. मावश्या हसल्या, म्हणाल्या होतंय होतंय.

ओढणी पोचली होती. ती गादीखाली सापडली, घडी घालून. कुणी ठेवली विचारलं तर म्हणाल्या तिनेच, रोज घालते घडी.

निघताना सुमनमावशीने तिला माझ्या कडेवर दिलं आणि मागे न बघता आत गेली, आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. चिऊ सोलापूरपर्यंत रडली. मग गप्प झाली, आणि ते गप्प होणं मला रडण्यापेक्षा जड गेलं. घरी आल्यावर पहिले तीन दिवस ती काही मागतच नव्हती. भूक लागली तरी नाही. ताट समोर आलं की खायची, शी-शू सांगायची नाही, पडली तरी रडायची नाही, इकडेतिकडे बघून उठायची. बिस्कीट दिलं की अर्धं खायची आणि अर्धं फ्रॉकच्या खिशात. रात्री कपडे बदलताना मला चुरा सापडायचा. आईने दुसऱ्या दिवशीपासून खिशात दोन बिस्किटं आधीच घालून ठेवायला सुरुवात केली. काल पहिल्यांदा खिसा भरलेलाच होता, तिने खाल्लीही नाहीत आणि लपवलीही नाहीत.

आणि आज सकाळी उंबऱ्याला अडखळून पडली, मी ओट्याशी होते, आणि तिने भोकाड पसरलं. मोठ्याने, माझ्याकडे बघून, हात वर करून. आई आणि मी दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, मग मी धावले.

बोरन्हाण संस्थेत सगळ्यांचं एकत्र झालं होतं, मुरमुरे, बोरं, सगळं. इथे आईने रथसप्तमी उलटून गेल्यावरही केलंच, झबलं बगलेत उसवून तिथे काळी पट्टी जोडली. हलव्याचा मुकुट कपाळावर बसेना म्हणून बांगडीसारखा हातात घातला.

फाइल कोर्टात पोचली. तारीख ३ मार्च.

---

शेवंताताई | ६ फेब्रुवारी

पडून रडली. बस, झालं काम. आता कोर्टाला लागू देत किती लागायचे ते दिवस.

सुमनमावशीला एक फोटो पाठव अधूनमधून. संस्थेमार्फत पाठव. त्यांना कुणी कळवत नाही पुढे काय झालं ते.

---

निळावंती | ७ फेब्रुवारी

ओढणीची घडी वहीत लिहा प्लीज.

---

ढगाआड | ७ फेब्रुवारी

बिस्किटांचं आमच्याकडे आठ महिने चाललं, अजूनही प्रवासात खिशात लागतातच. काळजी करू नका.

---

रानजाई | २४ मार्च २०२३

३ मार्चची तारीख न्यायाधीश रजेवर म्हणून गेली. १५ ची वकील आजारी. पाडव्याच्या आदल्या दिवशी, २१ तारखेला ऐकून घेतलं. मी, आई, चिऊ आणि संस्थेच्या ताई. नवरा व्हिडिओवर, तिकडे रात्रीचा दीड. न्यायाधीशबाईंनी कागद बघितले, मला चार प्रश्न विचारले, मोठ्या मुलाला काय वाटतं हेही विचारलं. चिऊ त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट मागत होती, त्यांनी तो दिला. ऑर्डर झाली. दहा मिनिटं. सात महिने आणि दहा मिनिटं.

कारातून कन्फर्मिटी सर्टिफिकेट (दत्तक आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे झालं याचा दाखला) तीन दिवसांत आलं, हे सांगायलाच हवं, फटाफट आलं.

पाडव्याला गुढीजवळ तिला उभं करून आईने कडुनिंब दिला, तिने थुंकला आणि गूळ परत मागितला. मागितला!!

---

वकिलीण_बाई | २४ मार्च

अभिनंदन! आता जन्मदाखला. ऑर्डरवरून निबंधकाने आई-वडील म्हणून तुमची नावं घालून दाखला द्यायचा असतो, नियमात पाच दिवस दिलेत. हातात आल्यावर काउंटरवरच उभं राहून एकेक अक्षर वाचा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. पासपोर्टला ऑर्डर, दाखला आणि आईबापांचे पासपोर्ट एकमेकांशी जुळावे लागतात.

---

रानजाई | १२ एप्रिल २०२३

वकिलीण बाई, तुमची पोस्ट मी दाखला घेतल्यावर वाचली. आडनावात इंग्रजीत एक अक्षर जास्त पडलं होतं. पासपोर्टच्या अपॉइंटमेंटला जाऊन परत आले. दाखला दुरुस्त करायला परत सात तासांचा प्रवास, तिथे संगणकावर बसणारा माणूस प्रशिक्षणाला गेलेला, "पुढच्या सोमवारी या". ऑफिसचं नाव घेत नाही, तिथल्या एका बाईंनी मला आणि चिऊला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, पण त्यांच्याकडे पासवर्ड नव्हता. सोमवारी गेले, झालं. पासपोर्ट ऑफिसने मात्र दुसऱ्या खेपेला आठ दिवसांत पासपोर्ट दिला.

माझी सुट्टी १९ ला संपते. मॅनेजरने महिनाभर इथून रात्री काम करायला परवानगी दिलीय. संध्याकाळी सात ते पहाटे तीन. आई झोपवते चिऊला, पण ती रात्री एकदा उठून माझ्या टेबलाखाली येऊन झोपते, पायाला पाठ लावून. मीटिंगमध्ये मी पाय हलवत नाही.

नवरा आणि थोरला स्प्रिंग ब्रेकला आठवडाभर येऊन गेले. पहिल्या दिवशी ती दोघांना घाबरली. थोरल्याने काही केलं नाही, जमिनीवर बसून एकटाच गाड्या लावत बसला, एका ओळीत, सगळ्या लाल. दुपारपर्यंत ती जवळ सरकत सरकत गेली आणि एक गाडी उचलून त्याच्या ओळीत मधेच ठेवली. निळी. त्याने काढली नाही. परत जाताना विमानतळावर तो मला म्हणाला, आई तू तिला आणतेयस ना, का तिथेच राहतेयस? इतके दिवस मी एकाच मुलाच्या वाट बघण्याकडे बघत होते.

---

जुना_पुणेकर | १२ एप्रिल

त्याला रोज ठरलेल्या वेळी फोन करा. पाच मिनिटं का असेना, पण तीच वेळ. आम्ही हे केलं नाही.

---

रानजाई | २० मे २०२३

दिल्लीहून. मेडिकल झालं, टीबीच्या तपासणीच्या रिपोर्टला वेळ लागला म्हणून अकरा दिवस जास्त गेले. काल व्हिसा आला. नवरा घ्यायला आलाय. आई साताऱ्यालाच थांबली, दिल्लीत यायची हिंमत नव्हती म्हणाली. चिऊ तिला आता "फोनमदली आजी" म्हणायला लागलीय, दोनच आठवड्यांत. आईला ते सांगितलं नाही मी.

उद्या रात्रीचं विमान.

---

मेघमल्हार | २० मे

सुखरूप पोचा गं. धाग्यावर बसून आहोत सगळे.

---

रानजाई | २९ मे २०२३

पोचलो. जेटलॅग आहे त्यामुळे चौघंही पहाटे तीनला स्वयंपाकघरात वरणभात खातो. नवऱ्याची लीव्ह सुरू, मी परवापासून कामावर. चादर अजून धुतलेली नाही. आजीला ऑगस्टमध्ये बोलावलंय, तिकीट काढलं, व्हिसा तिच्याकडे आहे.

सर्टिफिकेटची वाट बघतोय, पुणेकर काका, पाठ सोडणार नाही.

---

गवतफुला | २ जून २०२३

नवीन आयडी आहे, हा धागा वाचूनच घेतला. आम्हाला काल रेफरल आलंय. आम्ही सिंगापूरला. ९६ तासांपैकी एकतीस गेलेत, मुलगा आहे, तीन वर्षांचा, रिपोर्टमध्ये थोडं उशिरा बोलतो असं लिहिलंय. कुणी आहे का आत्ता जागं?

---

शेवंताताई | २ जून

मी आहे जागी. रिपोर्ट मुलांच्या डॉक्टरांना आजच दाखवा, उद्यावर नको. आणि मला सांगा, किती शब्द बोलतो आणि सांगितलेलं कळतं का, असं दोन्ही लिहिलंय का त्यात?